फिरती गाडी घेण्याआधी: दुर्गम पाड्यांवर यकृताचं काम कुठून सुरू करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर तुमची छोटी संस्था काही वर्षं कुपोषणावर काम करते आहे. गेल्या वर्षभरात पोटात पाणी होऊन, रक्ताच्या उलट्या होऊन काही तरणी माणसं गेली, म्हणून आता यकृताचं काम हाती घ्यायचं आहे. एक देणगीदार फिरती गाडी आणि तिच्यात यकृत किती कडक झालं आहे हे मोजणारं फायब्रोस्कॅनचं यंत्र द्यायला तयार आहे. चाळीस गावांत तपासणी शिबिरं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलं आहे.

गाडी थोडी थांबवा, असं मी सांगेन. देणगी परत करू नका. देणगीदाराला एक वर्ष मागा आणि तोच पैसा माणसांवर खर्च करू द्यायला पटवा. वीस-बावीस वर्षांत मी शहरातल्या यकृतविभागातही काम केलं आणि सातपुड्यातही. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. दुर्गम भागात आजार शोधणं सोपं असतं. शोधलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाणं, मग तिसऱ्यांदा जाणं, हेच खरं काम, आणि शिबिराच्या आखणीत नेमकी त्याचीच सोय नसते.

माझ्या पहिल्या शिबिराबद्दल सांगतो. सहाशेच्या आसपास लोक तपासले, त्यात सात जणांना हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी एक, निघाला. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली, ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’. वर्षाने त्याच गावांत गेलो. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. एकाने ती चिठ्ठी बाजाराच्या गावातल्या सुईवाल्याला, म्हणजे पदवी नसताना इंजेक्शन देणाऱ्याला, दाखवली होती आणि त्याने ‘यकृत साफ करायला’ महिनाभर रोज इंजेक्शन दिलं होतं. दोघे ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, ते मला कधी भेटलेच नाहीत. उपचार सातांपैकी एकालाही मिळाला नाही. त्या मुलीची आई मला म्हणाली, “तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं.” तिचं बरोबर होतं. आजही कोणी शिबिराची गोष्ट काढली की मला ते वाक्य ऐकू येतं.

आता थोडा हिशोब करू. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या रक्तनमुन्यांवरून देशात हिपॅटायटिस बीचं प्रमाण सुमारे 0.95 टक्के आणि सी विरुद्धच्या प्रतिपिंडांचं 0.32 टक्के आलं. तुमच्या भागाचा आकडा वेगळा असू शकेल, पण अंदाजाला हा पुरे. चार हजार लोक तपासले तर बीचे चाळीसेक निघतील आणि सीचे बारा-तेरा. सीच्या त्या बारा-तेरांतही काहींच्या शरीराने विषाणू आधीच हाकललेला असतो, म्हणून प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच औषध सुरू करायचं नसतं. प्रत्यक्ष विषाणू आहे का, हे पाहणारी दुसरी चाचणी लागते. थोडक्यात, तुमच्या वाट्याला पन्नासेक माणसं येतील. ही पन्नास माणसं तुम्ही दहा वर्षं सांभाळू शकाल का? ‘हो’ म्हणता आलं तर तपासणी सुरू करा. नसेल येत, तर आधी ती ताकद उभी करा.

सगळं तुम्हालाच उभारायला लागणार नाही. 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत. सीसाठी सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर, रोज एकेक गोळी, बारा आठवडे. सिरोसिस (यकृत कायमचं कडक होऊन आक्रसणं) झालेला नसेल तर शंभरातले पंचाण्णवाहून अधिक रुग्ण कायमचे बरे होतात. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा एकदा विषाणू पाहावा लागतो. ही शेवटची तपासणीच सगळ्यात जास्त चुकते, कारण तोवर माणसाला बरं वाटत असतं आणि नंदुरबारची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. बीचं वेगळं आहे. तो बहुधा मुळासकट जात नाही, टेनोफोविर या गोळीने दाबून ठेवावा लागतो, तेही वर्षानुवर्षं. गोळी मध्येच सुटली तर विषाणू उसळून यकृत एकदम निकामी होऊ शकतं. म्हणून गोळी सुरू करून देऊन निघून जाणारी संस्था ही काहीच न करणाऱ्या संस्थेपेक्षा धोकादायक. बीच्या प्रत्येक रुग्णाला लगेच औषध लागतंच असंही नाही. पण कुणाला लागतं आणि कुणावर नुसतं लक्ष ठेवायचं, हे ठरवायला त्याला दर सहा महिन्यांनी भेटावं लागतंच.

फायब्रोस्कॅन चांगलं यंत्र आहे, पण घाटातल्या रस्त्यावर रोज हादरे खाणाऱ्या गाडीत आणि शिकलेला हात नसताना ते लवकरच कापडाखाली झाकून पडतं. त्याचं बरंचसं काम साध्या रक्तचाचणीतून होतं. एसजीओटी आणि एसजीपीटी हे रक्ततपासणीत येणारे यकृताचे दोन आकडे. वयाला एसजीओटीने गुणा, प्लेटलेट हजारांत घेऊन एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. याला फिब-फोर म्हणतात. उत्तर 1.3 च्या खाली आलं तर यकृत फारसं कडक झालेलं नसण्याची शक्यता मोठी. 2.67 च्या वर गेलं तर पुढे पाठवा. मधल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. नर्सताईंच्या मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं. यंत्रावर पैसा घालायचाच असेल तर गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट या जंतू-विषाणू शोधणाऱ्या छोट्या यंत्राचा विचार करा. ते बॅटरीवर चालतं, टीबीसाठी बऱ्याच सरकारी केंद्रांत आधीपासून आहे, आणि त्याच यंत्रावर बी-सीच्या विषाणूची मोजणी करणाऱ्या चिपही मिळतात. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांशी बोलून त्याच यंत्राचा वेळ मिळतो का, हे आधी विचारा.

पहिलं वर्ष कुठे घालवावं असं विचाराल तर माझं बोट गरोदर बाईकडे जाईल. आईकडून जन्मावेळी बाळाला बी झाला तर दहापैकी नऊ बाळांत तो आयुष्यभर ठाण मांडतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांहूनही कमी जणांत तो टिकतो. सातपुड्यात चाळिशीत पोट फुगून मरणाऱ्या बऱ्याच माणसांचा आजार असा पहिल्याच दिवशी सुरू झालेला असावा, असं मला वाटतं. त्यावरचा उपाय जन्मापासून 24 तासांत दिलेली लस. सरकारी लसीकरणात ती 2011 पासून देशभर आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या बाळाला ती मिळते. पाड्यावर, सुईणीच्या हातून, पावसाळ्याच्या रात्री जन्मलेलं बाळ मात्र तिला मुकतं. त्याला पहिली लस थेट दीड महिन्यांनी पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या एकत्र लसीतून मिळते, तीही गावात पथक आलं तर.

अडचण लसीच्या तुटवड्याची क्वचितच असते. बरेचदा दहा डोसांची कुपी एका बाळासाठी फोडायची नाही, उरलेली वाया जाईल, अशी भीती असते. ही भीती घालवता येते. खुल्या कुपीच्या सरकारी धोरणाप्रमाणे हिपॅटायटिस बीची उघडलेली कुपी थंडाव्याचे नियम पाळले तर 28 दिवस वापरता येते. हा नियम छापून प्रत्येक उपकेंद्राच्या फ्रिजवर लावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही असली की सिस्टरला धीर येतो. लस गोठू देऊ नका, गोठलेली लस निकामी होते. सुईणीला बाजूला सारू नका. बाळ झाल्याचा निरोप पहिल्या तासात द्यायचं काम तिला द्या, त्याचे पैसे द्या आणि मान द्या. आई पॉझिटिव्ह असेल आणि विषाणू जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून टेनोफोविर सुरू केलं की बाळाचा धोका आणखी कमी होतो. विषाणू मोजायची सोयच नसेल तर सगळ्याच पॉझिटिव्ह गरोदर बायांना ते देता येईल, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शनात आहे. निर्णय जिल्ह्याच्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी घ्यायचा, तुम्ही फक्त त्या बाईला वेळेत तिथे पोचवायचं.

आणि हो, सगळ्यांत आधी तुमच्या स्वतःच्या माणसांना लस द्या. तीन डोस, सहा महिने. सुया हाताळणारी मुलं-मुली बिनलशीची फिरताना मी पाहिली आहेत.

आता काविळीकडे येतो. तुमच्या भागात ‘डोळे पिवळे’ म्हणजे यकृत बिघडलं असं धरून चालाल तर फसाल. भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात रक्तपेशी फुटून डोळे पिवळे होतात, लहान वयात पित्ताशयात खडे होतात, आणि यकृत बरेचदा धडधाकट असतं. हाडं-सांधे दुखणारं, वारंवार आजारी पडणारं, अधूनमधून पिवळं दिसणारं पोर आलं की आधी सिकलसेलची चाचणी करा. राष्ट्रीय मोहीम 2023 पासून सुरू आहे, त्यामुळे किट मागता येतात. दुसरी फसवी कावीळ टीबीच्या औषधांची. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. औषध घेणाऱ्याला अन्न नकोसं झालं, उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून तपासणी व्हायला हवी. ‘टीबीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही’ हे आपण इतकं ठसवलेलं असतं की माणसं पिवळी होऊनही इमाने गोळ्या घेत राहतात. आशाताईंना हा एक अपवाद नीट समजावून सांगा.

पावसाळ्यातली कावीळ मात्र बहुतेक वेळा पाण्यातून येते, ए किंवा ई विषाणूची. ती आपोआप बरी होते, आणि म्हणूनच माळ घालणारा, नाकात देवडांगरीचा रस टाकणारा, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘पिवळं उतरवणारा’ यांना यश येतं. माळ निरुपद्रवी आहे, तिच्याशी भांडू नका. नाकातल्या रसाने आतली त्वचा सोलवटते, तो थांबवायला सांगा. जास्त नुकसान पथ्याने होतं. हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, नुसता उसाचा रस. आधीच अशक्त माणूस आणखी खंगतो. यात एक खरी तातडी आहे: गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, कावीळ. हिपॅटायटिस ई झालेल्या अशा बायांत शंभरात वीस-पंचवीसपर्यंत दगावतात. तिला माळ नको, चिठ्ठी नको, थेट गाडीत घाला. आणि एका पाड्यावर आठवड्यात दोन-तीन जण पिवळे दिसले की झिऱ्यापाशी जा, पाणी शुद्ध करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते का ते पाहा, पाण्यातलं क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट स्वतः करा.

दारूबद्दल बोलायला मला नेहमी जड जातं, कारण बाहेरचे लोक आदिवासींबद्दल बोलताना पहिल्यांदा तेच बोलतात. मोह हे इथलं अन्न आहे, देवाला वाहिलं जाणारं फूल आहे, उन्हाळ्यातली रोकड आहे. त्याची दारू सणाला घेणाऱ्या म्हातारीला उपदेश करायला जाऊ नका. ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते, तो तुमचा रुग्ण. आणि त्याला ‘आजपासून एक थेंब नाही’ असं सांगून निघून जाऊ नका. असा माणूस एकदम थांबला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मग घरचे म्हणतात, दारू सोडली म्हणून मेला. दुर्दैवाने ते अर्धं खरं असतं. पहिले पाच-सात दिवस त्याला ग्रामीण रुग्णालयात ठेवा. थायामिन (ब-1 जीवनसत्त्व) द्या, सलाइनमधल्या ग्लुकोजच्या आधी द्या. झटके टाळायला यकृत बिघडलेल्यांत लोराझेपॅम बरं. बायको किंवा आईला तिथे राहता यावं म्हणून तिच्या जेवणाची आणि मजुरीची सोय करा. औषधांइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि सरकारी खर्चात नेमकं तेवढंच बसत नाही. संस्थेचा पैसा तिथे घाला.

सिरोसिस झालेल्यांसाठी पाड्यावर बरंच काही करता येतं. पोटातलं पाणी कमी करायला स्पायरोनोलॅक्टोन, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त जाऊ नये म्हणून कार्व्हेडिलॉल, मेंदूवर परिणाम होऊ नये म्हणून लॅक्टुलोज. तिन्ही स्वस्त आणि जुनी औषधं, डॉक्टरांनी एकदा मात्रा बसवून दिली की नर्स पुढे पाहू शकते. मीठ कमी करायचं म्हणजे आठवडे बाजारातली सुकी मासळी आधी सांगून बंद करा, तिच्यात भाजीपेक्षा कितीतरी जास्त मीठ असतं. डाळ, अंडी बंद करायला सांगणारा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. या माणसांचे स्नायू झडत असतात, त्यांना प्रथिनं जास्त लागतात. रात्री झोपण्याआधी भाकरीचा तुकडा, थोडी भगर, काहीही पोटात गेलं पाहिजे. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घ्यायचं नाही, हे तर त्याच्या कार्डावर लाल अक्षरांत लिहा. बऱ्या चाललेल्या सिरोसिसच्या रुग्णाची मूत्रपिंडं त्या एका सुईने गेलेली मी पाहिली आहेत.

एक लक्षण घरच्यांना जरूर शिकवा. रात्रभर जागा, दिवसा गुंगीत, मधेच असंबद्ध बोलणं, घरातच वाट चुकणं. यकृत निकामी होताना मेंदूवर होणारा हा परिणाम पाड्यावर ‘बाहेरचं लागलं’ म्हणून ओळखला जातो आणि पहिलं बोलावणं बडव्याला, म्हणजे पूजा करून बरं करणाऱ्या भगताला, जातं. त्यात त्यांचा दोष काय? तो हाकेच्या अंतरावर असतो आणि रात्रीही येतो. म्हणून बडव्याशी मैत्री करा. त्याची पूजा होऊ द्या, पण काळी शौच, रक्ताची उलटी, पोट फुगून ताप, आणि हा झोपेचा उलटा फेरा, यांतलं काही दिसलं की पूजा आटोपती घेऊन माणूस पाठवायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. मी ज्यांच्याशी असं बोललो त्यांतल्या बहुतेकांनी शब्द पाळला.

सुईवाल्यांचं अवघड आहे. पश्चिम बंगालमध्ये 2006 साली स्थापन झालेल्या लिव्हर फाउंडेशनने बीरभूम जिल्ह्यात हा प्रश्न टाळला नाही. गावोगावच्या पदवी नसलेल्या डॉक्टरांना त्यांनी नऊ महिने शिकवलं, 72 सत्रं घेतली. 304 जणांवर केलेला त्याचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकलेल्यांचं रुग्ण हाताळणं सुधारलं, पण विनाकारण औषधं देणं कमी झालं नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. शिकवल्याने ज्ञान वाढतं, पण सुई टोचली की पैसे मिळतात हे गणित शिकवून बदलत नाही. महाराष्ट्रात अशा लोकांना प्रशिक्षण देणं कायद्याच्या दृष्टीनेही तुम्हाला अडचणीत आणेल, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. लोकांनाच सांगा: गोळीने भागत असेल तर सुई मागू नका, आणि घ्यावीच लागली तर सुई डोळ्यांसमोर नव्या पाकिटातून काढायला लावा. गुजरातेतल्या मोडासात 2009 साली वापरलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कित्येक जीव गेले. हेच होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातल्या गोंदणाऱ्यांना सांगा. एकाच सुईने दिवसभर पोरी-पोरं गोंदून घेतात. त्यांना नव्या सुया द्या, बाजाराच्या दिवशी शेजारी बसा.

बीरभूमचीच आणखी एक गोष्ट. तिथल्या ग्रामीण लोकसंख्येच्या अभ्यासात 8.7 टक्के लोकांच्या यकृतात चरबी आढळली, आणि त्यातले तीन चतुर्थांश लठ्ठ नव्हते. सडपातळ माणसाचं यकृत ठीकच असणार, असं धरू नका.

मोठ्या डॉक्टरांना पाड्यावर न्यायची गरज नाही. न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना आठ-आठ महिने थांबावं लागत होतं. त्यांनी 2003 मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. गावातले डॉक्टर आणि नर्स दर आठवड्याला व्हिडिओवर आपले रुग्ण मांडत, तज्ज्ञ सल्ला देत, उपचार गावातच होत. 2011 मध्ये आकडे आले: विद्यापीठात 57.5 टक्के बरे झाले, गावांत 58.2. जुन्या, त्रासदायक इंजेक्शनांच्या काळातली ही टक्केवारी आहे, आजच्या गोळ्यांनी काम कितीतरी सोपं झालंय. मोलगीला किंवा धडगावला नेट टिकेल अशी एक खोली शोधा, आठवड्यातला एक तास ठरवा, एक यकृततज्ज्ञ बांधून घ्या. मी यायला तयार आहे.

वेळापत्रक तुमच्या देणगीदाराच्या आर्थिक वर्षावर बेतू नका. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. अक्कलकुव्यातल्या काठी गावच्या होळीला सगळा डोंगर गोळा होतो. सीचा बारा आठवड्यांचा उपचार होळीनंतर सुरू केला तर तो पेरणीच्या तोंडावर संपतो, आणि बारा आठवड्यांनंतरची तपासणी दिवाळीआधी, माणसं गावात असतानाच येते. बीच्या रुग्णाला निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि गुजरातीतलं कार्ड देता येईल का, हे उपचार केंद्राशी आत्ताच बोला. मुकादमाचा नंबर रजिस्टरमध्ये असू द्या, पण आजाराचं नाव त्याला कळता कामा नये. निकाल एकट्याला, घरात, भिलीत किंवा पावरीत सांगायचा. सांगताना ताट-वाटी वेगळी करायची नाही, जेवणातून हा पसरत नाही, जोडीदाराने लस घ्यायची, हे त्याच बैठकीत सांगायचं. चिठ्ठी कुणाच्याही हातात द्यायची नाही.

म्हणून पहिल्या वर्षाच्या पैशातून भिली बोलणारी एक आणि पावरी बोलणारी एक अशा दोन मुली नेमा, एक मोटारसायकलवाला ठेवा, आणि ग्रामीण रुग्णालयात नातेवाइकांच्या जेवणाची सोय करा. एका उपकेंद्राच्या हद्दीतल्या सगळ्या गरोदर बाया तपासा आणि जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या दिवशी लस मिळाली का, ते लिहा. आम्ही वापरतो त्या नोंदवहीत प्रत्येक माणसाच्या नावापुढे शेवटची भेट कधी झाली आणि पुढची कुणी, कुठे घ्यायची, असे दोन रकाने आहेत. तिची कोरी प्रत तुम्हाला पाठवतो. पुढच्या होळीला ती घेऊन बसू. पहिल्या पानावरचं प्रत्येक माणूस कुठे आहे हे तुम्हाला सांगता आलं, तर गाडीसाठी देणगीदाराला मी स्वतः पत्र लिहीन.